डाव्या गालावर ऊन

"उकडलेल्या मातीचा गोड वास," मागून वुब्बो म्हणतो,
"म्हणजे साखर कारखाना पेटला. ऑक्टोबर."
हो म्हणते मी. धूर मला दिसतोय,
पण वास त्याला आधी आला.

जोडसायकल भाड्याची. गिअर कुरकुरतात.
ग्रोनिंगनच्या स्टेशनमागे दुकानातल्या पोरानं
सीट खालीवर करून दिली आणि विचारलं,
पुढे कोण बसणार?
दोघंही क्षणभर गप्प.

एकतीस वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता.
वुब्बो पुढे. नेहमी. खांदे दारासारखे रुंद
आणि त्या दाराआड मी, चाकाला चाक भिडवून
वारा फुकटात चुकवणारी.
तास बुडवून, खिशात चीज घातलेला पाव,
त्याच्या शर्टावर पसरणारा घामाचा नकाशा बघत
मी हा मुलूख पार करायचे.
खरं सांगायचं तर मुलूख मी पाहिलाच नाही.
पाठ पाहिली.

आता पाठ माझी,
आणि ती त्याला दिसत नाही.

राइटडीपच्या बांधावर वारा सरळ अंगावर येतो.
डोंगर नाहीत आमच्याकडे, आम्ही वाराच चढतो.
"हार्मके, ऊन डाव्या गालावर आलं. वळलो ना?"
वळलो.
"आता मेंढ्यांची जाळी."
आणि खडखडखड, थेट दाढांपर्यंत,
लोखंडी पट्ट्यांवरून दोन्ही चाकं गेलीसुद्धा.
"आता ओस्टुम. टेकाडावर चर्च. चार घरं."
मी मोजते. पाच.
एक नवं आहे. सांगत नाही.
मग सांगते.
त्याचे पाय थांबतात. लगेच कळतं,
सायकल एकाएकी दोन माणसांइतकी जड होते.
"रंग?"
"करडा."
"मग चालेल. करड्यात करडं खपून जाईल,"
आणि पायडल पुन्हा फिरू लागतात.

इथेच कुठेतरी मी पडले होते. हनुवटीला चार टाके.
"उजव्या चरात," तो म्हणतो.
"डाव्या. हनुवटी कुणाची आहे?"
"तुझी. पण तू शुद्धीत कुठे होतीस?
मी उतरलो होतो कमरेएवढ्या पाण्यात.
पाणी उजवीकडे होतं."
इतकी वर्षं मी ही गोष्ट डावीकडून सांगत आले,
नवऱ्याला, मुलींना, दातांच्या डॉक्टरला.
चर दोन्ही बाजूंना आहेत.
दोन्हींत तेच आभाळ, तेच शेवाळ.
एका बदकानं मान वर करून पाहिलं, बस.

गार्नवेर्टच्या खानावळीत मालकीण मला विचारते,
"ह्यांना काय आणू?"
"ह्यांना मोहरीचं सूप," वुब्बो म्हणतो,
"आणि ह्यांच्या पुढच्या बाईंना पाणी.
बाई फार धापा टाकताहेत."
ती ओशाळते. मी हसताना पाव ठसक्यात अडकतो.
मग तो बोटांच्या टोकांनी
टेबलाची कड चाचपत जातो आणि एका खाचेशी थांबतो.
काही म्हणत नाही. मीही विचारत नाही.
त्या खाचेवर आमचा हक्क असेल असं नाही,
पोरं सगळीच टेबलं कोरतात.

परतीला वारा पाठीशी.
न हाणताही सायकल पळते, कानात शांतता,
चेनची तेवढी किरकिर.
वुब्बो बराच वेळ काही ओळखत नाही.
वाटलं, डुलकी लागली.
मग डावीकडे, कापलेल्या शेतावर
आमची सावली धावताना दिसली.
लांबलचक, एका सायकलीची, दोन डोक्यांची.
मागच्या डोक्याचे दोन्ही हात
पंखांसारखे पसरलेले.

"हँडल धर, वुब्बो."
"तुला कसं दिसलं?"
मी सांगितलं नाही.
चार पायडलांवर बोलले, पुढे मेंढ्यांची जाळी आहे.
"माहीत आहे," तो म्हणाला,
आणि हात तसेच.